धानाच्या कटोऱ्यातले संशोधन

गुढियारीच्या गल्ला बाजारात तांदळाच्या पोत्यांवर जी नावे छापलेली असतात ती एकदा सावकाश वाचून पाहावीत. स्वर्णा, महामाया, एक हजार दहा, एचएमटी, आणि ज्याचा भाव विचारला की दुकानदार आधी आपल्याकडे नीट पाहून घेतो तो दुबराज. यातला स्वर्णा आंध्रातल्या मारुतेरू केंद्रातून आला, एक हजार दहाही तिथलाच. महामाया आपल्या रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा. एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मराठी शेतकऱ्याने शोधलेला. आणि दुबराज कुणा एकाचा नाही. तो धमतरीकडच्या नगरी-सिहावा भागात पिढ्यान् पिढ्या पेरला जातो. पोती शेजारी शेजारी रचलेली असतात, पण ती बाजारापर्यंत पोहोचली त्या वाटा फार वेगळ्या आहेत.

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा मला इतिहासावर लिहायला सांगितले. रायपूरच्या मराठी माणसाने इतिहास लिहायचा म्हणजे भोसल्यांपासून सुरुवात करायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. १७४१ ची भास्करपंतांची स्वारी, १७५८ पासून रतनपूरला बिंबाजी भोसले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, हे सगळे आपल्या स्मरणिकांतून अनेकदा येऊन गेले आहे. मी आयुष्यभर शेतीखात्यात नोकरी केली. मला राजांपेक्षा बियाण्यांचा इतिहास जास्त माहीत आहे, तेव्हा तोच सांगतो. सरकार संशोधनावर पैसा खर्च करते तेव्हा कोणते पीक आणि कोणते जनावर आधी, हे कोण व कसे ठरवते, असा हा विषय आहे. ऐकायला रुक्ष वाटेल. पण आपल्या ताटातला भात आणि मुलांच्या पेल्यातले दूध त्यातूनच ठरले आहे.

सुरुवात दुष्काळाने झाली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतीखाती उभी करा असे सुचवले. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ छत्तीसगडावर आले. एकच पीक, तेही पावसावर. आश्विनातला एक पाऊस चुकला की धान पळंजाचे. त्या धड्यातून रायपूरजवळ लाभांडीला १९०३ मध्ये सरकारी प्रक्षेत्र निघाले. आज जिथे कृषी विद्यापीठाचा पसारा आहे तिथलीच ही मुळे. पुढे पाण्याचीही सोय झाली. माडमसिल्लीचे धरण १९२३ साली पुरे झाले.

त्या वेळी आपण सगळे एकाच प्रांतात होतो हे तरुण मंडळींना सांगायला हवे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. पुढे त्याला वऱ्हाड जोडले गेले. १९५६ पर्यंत रायपूरच्या धानाचे कागद नागपूरलाच जात. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे, आणि छत्तीसगडात कामाला येणारे शेतीखात्याचे कितीतरी लोक तिथूनच शिकून आलेले. पण नागपूरच्या कचेरीत बसून पाहिले की कापूस आधी दिसे. कापसावर गिरण्या चालत, तो परदेशी जाई, त्याच्यावर सरकारचे लक्ष असणारच. धान पिकवणारा तो स्वतःच खाई. ज्या पिकाचा पैसा दिसतो त्यावर संशोधन आधी, हा नियम तेव्हापासूनचा आहे आणि फारसा बदललेला नाही.

तरीही लाभांडीला जे काम झाले ते मला फार मोलाचे वाटते. त्या लोकांनी गावोगावच्या देशी धानातून चांगली रोपे निवडून शुद्ध वाण काढले आणि त्यांना रायपूरच्या नावाने ‘आर’ क्रमांक दिले. नुंगी, छत्री, दुबराज अशी नावे त्या यादीत आहेत. नवे काही आणले नाही, होते तेच निवडून घेतले. आणि दुसरे म्हणजे त्यांनी इथल्या शेतकऱ्याची खरी अडचण ओळखली. ती अडचण म्हणजे ‘करगा’.

करगा म्हणजे रानधान. ते शेतातल्या धानात उगवते आणि लोंबी येईपर्यंत हुबेहूब धानासारखेच दिसते. निंदणाऱ्या बाईने उपटायचे तरी काय? लोंबी आली की ओळखू येते, पण तोवर त्याचे दाणे पिकून झडूनही जातात आणि पुढच्या वर्षीची पेरणी आपोआप होते. छत्तीसगडात धान बहुतेक फेकून पेरतात, आणि महिनाभराचे झाले, शेतात पाणी साठले, की उभ्या पिकात नांगर घालतात. याला बियासी म्हणतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हे बघताना शेतकऱ्याचे डोके फिरले की काय असे वाटते. पण त्याने गवत दबते, दाट रोपे विरळ होतात आणि मुळे मोकळी होतात. करगा मात्र बियासीतूनही सुटतो. त्यावर उपाय असा की धानच जांभळ्या पानांचे पेरायचे, म्हणजे शेतात जे हिरवे दिसेल ते रानधान, उपटून टाका. कृषी विद्यापीठाने पुढे याच विचाराने ‘श्यामला’ नावाचे जांभळ्या पानांचे वाण दिले. इतका साधा आणि इतका शहाणपणाचा उपाय शेताच्या बांधावर उभे राहिल्याशिवाय सुचत नाही.

देशाच्या पातळीवर १९२९ मध्ये कृषी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि बंगालच्या दुष्काळानंतर, १९४६ मध्ये, कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था निघाली. या संस्थेचे १९५९ पासूनचे संचालक डॉ. राधेलाल रिछारिया. जन्म १९०९ चा, केंब्रिजचे पीएच.डी. रायपूरच्या धानाची कथा या माणसावाचून सांगता येत नाही.

साठीच्या दशकाची परिस्थिती आठवा. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची. अमेरिकेच्या गव्हाची जहाजे यायची तेव्हा रेशनचे दुकान उघडायचे. मिलोच्या भाकरी खाल्लेली मंडळी आपल्या मंडळातही आहेत. अशा वेळी सरकारने संशोधनाला एकच प्रश्न विचारला : एकरी किती? फिलिपाइन्समध्ये १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली होती. तिथले आयआर-८ आणि तैवानचे ताइचुंग नेटिव्ह-१ ही बुटकी वाणे आली. खत घातले तरी लोळत नाहीत, ताकद दाण्यात जाते. उपाशी देशाने ती घेतली यात मला काही गैर दिसत नाही. जे लोक आज हरितक्रांतीला सरसकट शिव्या घालतात त्यांनी रेशनच्या रांगा पाहिलेल्या नसतात.

रिछारिया यांचा आक्षेप वेगळा होता. परदेशी बियाणे पुरेशी पारख न करता घाईने पसरवले तर त्याबरोबर रोग आणि किडीही पसरतील, आणि आपल्याकडची वाणे नीट तपासण्याआधीच नाहीशी होतील, असे ते म्हणत. ताइचुंगवर पानांचा करपा आला तो सगळ्यांनी पाहिला. या वादात त्यांना कटकचे पद सोडावे लागले. मुदतीआधीच निवृत्त केले गेले. ते न्यायालयात गेले आणि झगडत राहिले.

१९७१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांना शेतीचे सल्लागार म्हणून बोलावले आणि ते रायपूरला आले. पुढे त्यांच्या देखरेखीखाली इथे मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी राहिली. पैसा तुटपुंजा, माणसे थोडी. त्यांनी जे केले ते असे : गावोगाव जाऊन जे जे धान पेरले जाते त्याचे नमुने गोळा करायचे, प्रत्येकाचे नाव, गाव, जमीन, दिवस, दाण्याचा आकार, वास, उपयोग लिहून घ्यायचे, आणि ते पेरून तपासायचे. पाहता पाहता हा संग्रह एकोणीस हजारांच्या वर गेला. बस्तरपासून सरगुजापर्यंत. जगात एका प्रदेशातून गोळा केलेले इतके मोठे धानसंग्रह थोडेच असतील.

त्यातली नावे वाचताना माणूस हरखून जातो. चौदा मिलीमीटरहून लांब दाण्याचा ‘डोकरा-डोकरी’. रुंद दाण्याचा ‘भीमसेन’. खव्यासारख्या चवीचा ‘खोवा’. तुसाला पंखासारखी लांब पाती असलेला ‘उडन पखेरू’. ज्याचे पीठ करून भाकरी थापता येते तो ‘बोरा’. कुठले उतारावरच्या हलक्या जमिनीत साठ-सत्तर दिवसांत हाती येणारे, तर कुठले खोलगट बहरा जमिनीत डिसेंबरपर्यंत उभे राहणारे. ही नावे ठेवणाऱ्यांनी कुठल्या विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती.

आणि रिछारिया यांचा निष्कर्ष नुसता भावनेचा नव्हता. अधिक उत्पन्न देणारे वाण म्हणून सरकारने जे माप ठरवले होते, हेक्टरी सदतीसशे किलोच्या आसपास, त्या मापात यातली सुमारे आठ टक्के देशी वाणे बसतात असे त्यांनी दाखवले. म्हणजे ‘एकरी किती’ या प्रश्नालासुद्धा घरातच उत्तर होते, फक्त शोधायला हवे होते. प्रत्येक भागात तिथलीच निवडक वाणे वाढवून तिथेच पुरवणारी छोटी केंद्रे काढावीत अशी त्यांची योजना होती.

पण पुढे ती संस्थाच बंद झाली आणि संग्रह जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाकडे गेला. गोव्यात राहणारे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी मार्च १९८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त एक लांबलचक लेख लिहून हा सगळा प्रकार चव्हाट्यावर आणला. फिलिपाइन्सच्या संस्थेला हा संग्रह हवा होता, रिछारिया तो अभ्यास पुरा होण्याआधी द्यायला तयार नव्हते, आणि म्हणून संस्थाच मिटवली गेली, असा त्यांचा आरोप होता. बियाण्यांची एक प्रत दुसरीकडे सुरक्षित असावी हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही; एका खोलीला आग लागली तर? पण ज्याने गोळा केले त्याला विचारायचे नाही, हे मात्र मला कधी पटले नाही. २० जानेवारी १९८७ ला रायपूरला स्वतंत्र इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय झाले आणि संग्रह इथेच राहिला. रिछारिया १९९६ मध्ये वारले. आज विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव आहे.

मी १९७९ मध्ये खात्यात लागलो. मूळचा गोंदियाकडचा, त्यामुळे धान नवे नव्हते. तेव्हा जागतिक बँकेच्या मदतीने ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत सुरू झालेली. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात जायचे, वर जे शिकवले ते खाली सांगायचे. सायकलच्या कॅरियरला मिनीकिटच्या पिशव्या बांधलेल्या असत. एका पिशवीत नवे बी, बरोबर खताचे प्रमाण लिहिलेला कागद. हंगाम संपला की आम्ही तक्ता भरायचा : वाण, क्षेत्र, उत्पन्न. आरंग भागातल्या एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या मिनीकिटचे बुटके धान हातात धरून विचारले, ‘साहेब, बइला मन का खाहीं?’ बैल काय खातील? मी तक्त्याकडे पाहिले. दाण्याचा रकाना होता, तणसाचा नव्हता.

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. इथे तणसाला पैरा म्हणतात. उंच देशी धानाचा पैरा लांब, मऊ आणि भरपूर. तो वर्षभर गुरांचा चारा असतो. बुटक्या धानाने दाणा वाढवला तो बराचसा काडी कमी करूनच. म्हणजे कागदावर उत्पन्न वाढले तरी गोठ्यात घटले. संशोधनात पीक एका खात्याकडे आणि जनावर दुसऱ्या खात्याकडे, दोघांची इमारतही वेगळी. शेतकऱ्याच्या घरात मात्र दोन्ही एकाच छपराखाली.

गुरांच्या बाबतीतही तोच प्रश्न फक्त शब्द बदलून विचारला गेला : लिटर किती? पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून सुधारित वळूंची केंद्रे आली, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, गोठवलेले वीर्य आले, जर्सी आणि होल्स्टिनशी संकर सुरू झाला. महाराष्ट्रात उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये काढलेल्या ‘बाएफ’ने हे काम किती निष्ठेने केले ते पुणे-नगरकडची मंडळी जाणतात. जिथे हिरवा चारा आहे, दूध घेणारी डेअरी आहे, तिथे संकरित गायीने घरे उभी केली. त्यात शंका नाही.

पण छत्तीसगडची गाय लहानखुरी. लालसर किंवा पांढुरकी-करडी, दूध दिवसाला लिटर-दीड लिटर. सरकारी कागदात ती कुठल्याच जातीत बसत नसे, नुसती ‘देशी’. लिटरच्या मापाने ती शून्यच. मात्र तिचा गोऱ्हा मोठा झाला की चिखलात उभ्या पिकातून बियासीचा नांगर ओढतो, हलका असल्यामुळे रोपे तुडवत नाही, कोरड्या पैऱ्यावर निभावतो आणि चैत्र-वैशाखात मोकाट चरून जगतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड धड नसते, त्याच्या मानेवर जू ठरत नाही, उन्हात तो धापा टाकतो. ट्रॅक्टर आल्यावर हा प्रश्न मागे पडला हे खरे. पण त्याआधी तीस-चाळीस वर्षे आम्ही शेतकऱ्याला दुधाची गाय सांगत होतो आणि त्याला बैलाची गाय हवी होती.

नव्या शतकात या गायीला अखेर नाव मिळाले. कर्नालला देशी जनावरांच्या वंशांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तिने रायपूर, दुर्ग, बिलासपूर भागातली ही गाय ‘कोसली’ या नावाने नोंदवली, आणि ती छत्तीसगडची पहिली नोंदलेली गोजात ठरली. नाव जुन्या दक्षिण कोसल देशाचे. विदर्भाच्या गवळाऊला, मराठवाड्याच्या देवणीला आणि लाल कंधारीला जो मान फार आधी मिळाला तो हिला इतक्या उशिरा मिळाला. २०१२ मध्ये दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१४ मध्ये केंद्राने देशी गायींसाठी गोकुळ मिशन काढले. मापे बदलत आहेत, पण ज्या गावांत संकर आधीच पोहोचला तिथे शुद्ध कोसली शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र संशोधनाने शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहून केली, ती सांगितलीच पाहिजे. विदर्भाकडच्या मंडळींना लाखोळीची डाळ आठवत असेल. इथे तिला तिवरा म्हणतात. धान कापायच्या आधी ओल्या शेतात नुसती फेकून द्यायची, ना नांगर ना पाणी, तरी येते. पण तिच्या दाण्यात एक विषारी अंश असतो आणि दुष्काळात रोज तीच खाल्ली की पाय लुळे पडतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. बंदीने पेरणी थांबली नाही, कारण गरिबाला पर्याय नव्हता. तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला, तो अंशच कमी असलेली वाणे काढायची. दिल्लीच्या संस्थेचे ‘रतन’, मग रायपूरचे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’. महाराष्ट्राने २००८ मध्ये आपल्याकडची विक्रीबंदी उठवली. पीक सोडा असे न म्हणता पीक सुधारून देणे, हे काम मला रायपूरच्या विद्यापीठाचे सर्वांत चांगल्या कामांपैकी वाटते, जरी त्याची जाहिरात कधी झाली नाही.

आता २००२ सालाकडे येऊ. राज्य नवे, दोन वर्षांचे. नोव्हेंबरमध्ये बातमी फुटली की संकरित धानाच्या संशोधनासाठी विद्यापीठ सिंजेंटा या स्विस कंपनीशी करार करणार आहे, आणि रिछारिया यांचा संग्रह कंपनीला अभ्यासायला मिळणार आहे. रायपुरात एकच गदारोळ उठला. शेतकरी संघटना, सामाजिक कार्यकर्ते, वर्तमानपत्रे सगळी एकवटली. कुणी विचारले, हे बी विद्यापीठाचे कधीपासून झाले? ते तर अमक्या गावच्या तमक्याच्या कोठीतून आणले होते. डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. एरवी धानाच्या भावापलीकडे काही न बोलणारे शहर तेव्हा पानठेल्यावर धानाच्या मालकीवर वाद घालत होते, हे मी पाहिले आहे.

मालकीचा हाच प्रश्न सीमेपलीकडे, आपल्या मराठी मुलखात, एका माणसाच्या वाट्याला आला. ज्याच्या नावाची पोती आपल्या बाजारात सगळ्यात जास्त खपतात तो एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातले नांदेड गाव, मराठवाड्यातले नव्हे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना आपल्या ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. हे पटेल-३ जबलपूरच्या विद्यापीठातून आलेले, म्हणजे सरकारी संशोधनच. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करत बारीक दाण्याचे, चवदार, भरपूर पिकणारे वाण काढले. त्या वेळी एचएमटी घड्याळाची फार ऐट होती, म्हणून नाव तेच. पुढे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बी नेले आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसिद्ध केले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही ते शुद्ध केले. दादाजींचे म्हणणे, मूळ माझे, आणि माझे नाव कुठे आहे? राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार दिला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांचे नाव छापले. ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच होती. त्यांच्या तांदळावर किती गिरण्या आणि किती आडती चालतात, ते आपल्या गुढियारीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दादाजींसारख्यांसाठी कायदा आहे, २००१ चा. त्यानुसार शेतकरी आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो. रायपूरच्या विद्यापीठाने इथल्या अनेक शेतकऱ्यांना अशी नोंदणी करून दिली आहे. सरगुजाच्या जिराफुलला २०१९ मध्ये आणि नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुबराजचे मानांकन नगरीकडच्या एका महिला बचत गटाच्या नावे आहे, याचे मला विशेष वाटले.

आणि ज्या संग्रहाला एके काळी अडगळ समजले गेले त्यातूनच आता नवे काम होते आहे. त्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा आहे. दुबराजची अडचण अशी की ताट उंच, वारा आला की लोळते, आणि तयार व्हायला पाच महिने लागतात. ट्रॉम्बेला बियाण्यावर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून, रायपूरला निवड करून, कमी उंचीचे आणि कमी दिवसांचे दुबराज काढले. सफरी-१७ या जुन्या लोकप्रिय वाणातून ‘विक्रम’ काढले. नावातच ‘ट्रॉम्बे छत्तीसगड’ असे दोन्ही गावचे पत्ते जोडलेले असतात. आपल्या दोन घरांसारखे. २०१५ मध्ये जस्ताचे प्रमाण जास्त असलेले धानही इथल्या विद्यापीठाने दिले. कुपोषणाचा विचार करून काढलेले वाण, म्हणजे ‘एकरी किती’च्या जोडीला ‘खाणाऱ्याला काय’ हा प्रश्न पहिल्यांदा तक्त्यात आला.

तरी बाजाराचा जोर वेगळीकडे आहे. २०२३-२४ च्या हंगामापासून राज्य सरकारने एकरी एकवीस क्विंटल धान, क्विंटलला एकतीसशे रुपयांनी घेतले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, ते चांगलेच झाले. पण सोसायटीच्या काट्यावर वासाला आणि चवीला भाव नाही, वजनाला आहे. मग दुबराज कोण पेरील? घरापुरते, सणापुरते. महामाया आणि क्रांती ही जाड वाणे निदान पोह्यांमुळे टिकून आहेत. भाटापाऱ्याच्या गिरण्यांतून ते पोहे महाराष्ट्रात जातात, आणि पुण्यातले आपले नातेवाईक ते खाऊन ‘तुमच्याकडे पोहे मिळतात का हो?’ असे आपल्याला विचारतात.

संग्रहाविषयी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. बी थंड खोलीत ठेवले म्हणजे कायमचे टिकले असे होत नाही. त्याची उगवण हळूहळू कमी होते. ठराविक वर्षांनी प्रत्येक वाण पुन्हा शेतात पेरावे लागते, वाढवावे लागते आणि नवे बी भरून ठेवावे लागते. तेवीस हजारांच्या घरात गेलेल्या संग्रहाचे हे काम कधी संपत नाही. एक टोक गाठले की दुसऱ्या टोकाची पाकिटे म्हातारी झालेली असतात. त्याला मजूर लागतात, जमीन लागते, दरवर्षी मंजूर होणारा पैसा लागतो, आणि त्यातून नवे वाण निघेलच असे नाही, त्यामुळे अहवालात दाखवायला काही नसते.

गणपती उठले की महिना-दीड महिन्यात विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे दृश्य दिसते. एकेका वाणाच्या दोन-तीन ओळी, शेजारी दुसरे, त्याच्या शेजारी तिसरे. कमरेइतके, गुडघ्याइतके, हिरवे, जांभळे, काळ्या तुसाचे, सोनेरी. प्रत्येक ओळीला क्रमांकाची पाटी. कापणीच्या बाया एका वेळी एकच ओळ कापतात, लोंब्या वेगळ्या पिशवीत घालतात, पिशवीवर पाटीचा क्रमांक पुन्हा लिहून घेतात, ओढणी झटकतात म्हणजे अडकलेला एखादा दाणाही दुसऱ्या पिशवीत जाऊ नये, आणि मग पुढच्या ओळीकडे वळतात.